दुसऱ्यांसाठी सायकल चालवणारा माणूस

सायकल शर्यतीबद्दल बोलणं निघालं की लोक मला टूर द फ्रान्स कोण जिंकलं ते विचारतात. मला मात्र मॅथ्यू हेमनबद्दल बोलायचं असतं. नाव ऐकलं नसेल तर त्यात तुमची चूक नाही. त्याचं कामच असं होतं की नाव दुसऱ्याचं व्हावं.

हेमन ऑस्ट्रेलियाचा, जन्म 1978चा. 2000 साली तो राबोबँक या डच संघातून व्यावसायिक झाला आणि तिथे दहा वर्षं राहिला. मग चार वर्षं टीम स्काय, मग ऑस्ट्रेलियन संघ ओरिका. इतक्या वर्षांत स्वतःच्या नावावर मोजके विजय. त्यातला मोठा म्हणजे 2006च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेतलं सुवर्ण. आणि टूर द फ्रान्स? ती त्याला पहिल्यांदा मिळाली 2014मध्ये, वयाच्या 36व्या वर्षी. या वयात बहुतेक रायडर निवृत्तीनंतर काय करायचं याच्या विचारात असतात.

मग इतकी वर्षं पगार कशाचा? वारा खाण्याचा. पुढच्या चाकाला चिकटून चालवलं की मागच्याची साधारण तिसरा हिस्सा मेहनत वाचते. म्हणून लीडरला, म्हणजे संघाला ज्याला जिंकवायचंय त्याला, शेवटच्या तासापर्यंत आडोशात ठेवायचं आणि समोरचा वारा आपण छातीवर घ्यायचा. मागे संघाच्या गाडीपर्यंत जायचं, जर्सीत पाण्याच्या बाटल्या कोंबायच्या, पुन्हा जोर लावून पुढे येऊन त्या वाटायच्या. लीडर पंक्चर झाला तर आपलं चाक काढून द्यायचं आणि रस्त्याच्या कडेला उभं राहायचं. निकालाच्या यादीत यातलं काहीच दिसत नाही. आमच्या नाशिकच्या सकाळच्या ग्रुपमध्ये असे एक काका आहेत. गंगापूर धरणाच्या रस्त्याला समोरून वारा सुटला की न बोलता पुढे जातात. स्ट्राव्हावर, म्हणजे सगळ्यांच्या वेळा नोंदवणाऱ्या ॲपवर, त्यांचं नाव कधी वर येत नाही, पण ते आले नाहीत की त्या दिवशी सगळ्यांचाच वेग पडतो. हेमन मला पटकन कळला तो त्यांच्यामुळे.

पण हेमनचं एका शर्यतीवर मनापासून प्रेम होतं. पॅरिस-रुबे. 1896पासूनची शर्यत, नावात पॅरिस, सुरुवात मात्र बऱ्याच वर्षांपासून कॉम्पिएन्यमधून. अडीचशेच्या वर किलोमीटर अंतर आणि मध्ये मध्ये शेतातले जुने दगडी रस्ते. 2016मध्ये असे 27 पट्टे होते, मिळून जवळपास 53 किलोमीटर. हे दगड आपल्या वाड्यातल्या फरशीसारखे सपाट नसतात. प्रत्येकाची पाठ वेगळी, मध्ये फटी, पाऊस असेल तर वर चिखल. हँडल घट्ट धरलं तर हात बधिर होतात, सैल धरलं तर सुटतं. कुठल्या पट्ट्यावर मधल्या उंचवट्यावरून जायचं, कुठे कडेची माती धरायची, हे पुस्तकातून येत नाही. तिथे वर्षानुवर्षं आपटूनच येतं. हेमन 2012ला आठवा आला होता, म्हणजे रस्ता त्याला पाठ होता.

आणि 2016च्या फेब्रुवारीत, बेल्जियममधल्या ओम्लूप शर्यतीत पडून त्याचा हात मोडला. रुबे सहा आठवड्यांवर. बाहेर रस्त्यावर जाणं शक्य नाही, म्हणून गडी गॅरेजमध्ये ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, सायकल लावून, समोर झ्विफ्ट या आभासी सायकलिंगच्या ॲपचा पडदा ठेवून घाम गाळत बसला. आपल्याकडे जुलैत पावसामुळे ट्रेनरवर बसावं लागलं तर तिसऱ्या दिवशी आमची कुरकुर सुरू होते. (माझी तर दुसऱ्याच.) रुबेच्या आदल्या शनिवार-रविवारी त्याने स्पेनमध्ये दोन छोट्या शर्यती केल्या. एवढ्याच तयारीवर तो 10 एप्रिलला उभा राहिला. ही त्याची पंधरावी रुबे. जिंकेल असं कोणीच म्हणत नव्हतं.

सुरुवातीलाच सुटलेल्या सोळा जणांच्या टोळीत तो होता. ही संघाची नेहमीची चाल असते: आपला एक माणूस पुढे ठेवायचा, मागून लीडर आला की तो मदतीला हजर. या वेळी मागून आला तो मात्र दुसऱ्याच संघाचा टॉम बूनेन, आधीच चार वेळा रुबे जिंकलेला. पाचवी जिंकला असता तर सर्वाधिक विजयांचा विक्रम एकट्याचा झाला असता. दरम्यान जिंकण्याच्या दावेदारांपैकी कान्चेलारा दगडांवर आपटला आणि त्याच्याबरोबरचा दुसरा दावेदार सागानही मागेच राहिला. शेवटी उरले पाच: बूनेन, स्टॅनर्ड, वानमार्क, बोआसन हागेन आणि हेमन. कारफूर द लार्ब्र या जीवघेण्या पट्ट्यावर वानमार्कने हल्ला केला तेव्हा हेमन मागे पडला. मला वाटलं, संपलं. तो परत आला.

शेवट रुबेच्या जुन्या, उघड्या सिमेंटच्या वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकलच्या गोल ट्रॅकवर होतो, दीड फेरी मारून. इथे अनुभवी माणूससुद्धा थांबून दुसऱ्याला पुढे जाऊ देतो, कारण आडोसा हवा असतो. हेमनने उलट केलं. लवकर सुरू केलं, पुढून, आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. बूनेन दुसरा. रेषेनंतर हेमन नुसती मान हलवत होता. आपल्याकडे रविवारच्या जेवणाची वेळ झाली होती आणि माझ्या ताटातली भाकरी वाळली.

लोक याला नशीब म्हणतात, त्यावर मी वाद घालते. सगळे लीडर एकमेकांवर नजर ठेवून होते, हे खरं. पण वर्षानुवर्षं दुसऱ्याला योग्य जागी पोहोचवणाऱ्याला ती जागा नेमकी कुठे असते, हे माहीत असणारच की! त्या दिवशी फक्त मागे कोणाला ओढायचं नव्हतं.

त्यानंतर तो लीडर झाला का? नाही. तोच संघ, तेच काम. शेवटची शर्यत 2019च्या जानेवारीत, घरच्या मैदानावर, टूर डाऊन अंडर. ती त्याच्याच संघातल्या डॅरिल इम्पीने जिंकली. मग हेमन त्याच संघाच्या गाडीत स्पोर्ट डायरेक्टर, म्हणजे शर्यतीत डावपेच सांगणारा, म्हणून बसला. बाटल्या खिडकीतून द्यायला लागला.