मे महिन्यातली गच्ची: उकडलेल्या मिरच्या आणि अक्षय्य तृतीयेची केळी

मंडळी, मागच्या वेळी टोमॅटोला फुलं लागली म्हणून मी उड्या मारत होतो ना, त्याचा हिशोब आधी देऊन टाकतो. फुलं ढीगभर आली आणि देठाशी पिवळी पडून गळाली, सगळ्या झाडांवर मिळून दोन टोमॅटो, तेही सुपारीएवढे. दिवसा ३५ च्या वर गेलं आणि रात्रही गार होईना की पराग निकामी होतात, आणि आपल्या सोलापुरात तर ४२-४३ चाललंय, फळ धरणार कुठून? मी वर खत पण घातलं. फुकट गेलं.

पण खरा गाढवपणा पुढे आहे. नळाला पाणी रोज येत नाही ते तुम्हाला माहितीच आहे, त्या दिवशी आलं ते दुपारी दोनला, आणि काळा पाइप सकाळपासून गच्चीवर उन्हात पडलेला, मी घाईघाईत तसाच मिरच्यांना लावला. चौथ्या कुंडीपाशी पाणी पायावर सांडलं तेव्हा ओरडलोच, चहा टाकावा इतकं गरम! दुसऱ्या दिवशी पहिल्या तीन मिरच्या शिजवलेल्या पालकासारख्या लोंबत होत्या. गेल्या त्या. आता पाइपातलं पाणी आधी बादलीत सोडतो आणि झाडांना सकाळी सातच्या आतच घालतो.

त्यानंतर डोक्यात आलं की आपण वरच्या पानांकडे बघत बसतो आणि भाजतात खाली मुळं. चारच्या सुमारास काळ्या ग्रोबॅगच्या पश्चिमेकडच्या मातीत बोट खुपसून बघा, ठेववत नाही. म्हणून सगळ्या बॅगांना बाहेरून चुना फासला, खाली विटा दिल्या म्हणजे स्लॅबची धग थेट लागत नाही, आणि पश्चिमेला दोरीवर जुनी चादर टांगली, आपलीच सोलापुरी. हौसेनं ती ओली पण केली, सुती चादर पाणी पिऊन एवढी जड झाली की दोरीसकट भेंडीवर आली. आता ५० टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट (सावलीची जाळी) आहे. ७५ ची घेऊ नका, गेल्या वर्षी तिच्याखाली गवार नुसती उंच गेली, शेंग नाही.

मल्चिंगला, म्हणजे कुंडीतली माती वरून झाकायला, रसवंतीवाल्याकडची चिपाडं आणतो, पण धुऊन दोन-तीन दिवस वाळवूनच टाका, नाहीतर मुंग्यांची जत्रा.

आणि अक्षय्य तृतीयेला पूजेला आणलेली मातीची केळी, म्हणजे छोटं मडकं, यंदा मोठ्या ड्रममधल्या मातीत गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरलीय, तोंडावर पणती पालथी, नाहीतर डास होतात. बिनरंगाच्या भाजलेल्या मातीतून पाणी पाझरतं, मुळं आपोआप तिकडं सरकतात. रंग दिलेली घेऊ नका, पाझरतच नाही. तिच्याभोवतीची वांगी दुपारी माना टाकतात पण सातला परत ताठ. दुपारी मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी ओतायचं नाही, संध्याकाळपर्यंत थांबायचं, तरी उठली नाहीत आणि माती कोरडी लागली तरच द्यायचं, हे मला चार उन्हाळ्यांनी कळलं.

वांग्याच्या पानाखाली लाल कोळी (रस शोषणारी बारीक कीड) झालाय, बारीक जाळी दिसते. रोज सकाळी पान उलटं करून पाण्याचा फवारा मारतोय, कडुनिंबाचं तेल फक्त ऊन उतरल्यावर, दुपारी मारलं तर पानं करपतात.

मजेत कोण आहे म्हणाल तर गवार, भेंडी आणि अंबाडी. अंबाडीचं बी शेजारच्या अक्कांनी दिलं, त्यांच्याकडं तिला गोंगुरा म्हणतात. तिला ऊन लागतंय असं वाटतच नाही, दोनदा खुडून झाली, भाकरीबरोबर संपली पण.

काल संध्याकाळी वळवाचे ढग आले, नुसतं वारं सुटलं, चार थेंब पडले आणि शेडनेट उडून अक्कांच्या गच्चीवर गेली. त्यांनी घडी घालून ठेवलीय, आणायला जातो आता.