गॅलॅक्सचं मैदान आणि पार्किंगमधली मैफल

ऑगस्टचा दुसरा आठवडा जवळ आला की आमच्या घरी गॅरेजमधल्या घडीच्या खुर्च्या बाहेर निघतात, गमबुटांची शोधाशोध होते आणि दशम्यांसाठी पीठ भिजतं. नॉर्थ कॅरोलायनातलं आमचं राली सोडलं की तीनेक तासांत आम्ही व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला पोचतो. सहा-सात हजार वस्तीचं, ब्लू रिज डोंगरांतलं हे गाव. इथल्या रानात उगवणाऱ्या, हिवाळ्यातही पानं न गाळणाऱ्या एका रोपावरून त्याला नाव मिळालं आणि फर्निचरच्या कारखान्यांवर ते वाढलं. वर्षातले सहा दिवस मात्र तिथे फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि बँजो (चामडं ताणलेलं, लांब मानेचं तंतुवाद्य) यांच्याशिवाय दुसरा विषय नसतो.

हे सहा दिवस म्हणजे ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन, डोंगरी लोकसंगीताची स्पर्धा. १९३५ साली ते सुरू झालं, ते मूस लॉज क्रमांक ७३३ या गावच्या मंडळाने केलं म्हणून. मंदीचा काळ होता, लॉजला पैसा हवा होता आणि डोंगरातल्या जुन्या सुरावटी लोकांच्या कानावर राहाव्यात असंही वाटत होतं. या दोन गरजांतून उभी राहिलेली ती स्पर्धा आजही तेच लॉज भरवतं. तिकीटखिडकीवर सभासद, गाड्या लावून घेणारे सभासद, माइकवर नाव पुकारणारेही तेच. कोविडमुळे २०२० साली कार्यक्रम झाला नाही, तेव्हा आमच्या घरातला तो आठवडा फार सुना गेला.

फेल्ट्स पार्क हे मैदान. एका बाजूला मंच, समोर प्रेक्षकांची गॅलरी आणि उरलेल्या सगळ्या जागेत तंबू, कॅम्पर गाड्या, ताडपत्र्या. मंचावर सोमवारपासून शनिवारपर्यंत स्पर्धा चालते. फिडल, बँजो, गिटार, मँडोलिन, डोब्रो, ऑटोहार्प, लोकगीत, नाच, मग सगळ्यात शेवटी बँड. एकेक स्पर्धक येतो, एक सुरावट वाजवतो, उतरतो. शनिवारी हे मध्यरात्रीच्याही पुढे जातं. पण मी ज्यांना ज्यांना तिथे घेऊन गेलो, त्यांना पहिली गोष्ट हीच सांगितली की मंचासमोर फार वेळ बसू नका. खरं संगीत पार्किंगमध्ये आहे.

हे मला उमगलं ते हळूहळूच. या संगीताशी माझी पहिली भेट रालीतच झाली. इंटरनॅशनल ब्लूग्रास म्युझिक असोसिएशनचा वार्षिक सोहळा २०१३ ते २०२४ या काळात आमच्या शहरात भरायचा आणि त्यात फेएटव्हिल स्ट्रीटवर फुकट ऐकायला मिळायचं. आता तो चॅटनूगाला गेला आहे. ऑफिसातून बाहेर पडावं तर कोपऱ्यावर पाच जण एकाच माइकभोवती उभे, ज्याची पाळी त्याने पुढे यायचं, वाजवायचं, मागे सरकायचं. ती लगबग, तो वेग, बँजोच्या सुरांचा तो सडा. माणूस जागच्या जागी खिळतो.

ब्लूग्रास ऐकणाऱ्याला ते फार पुरातन वाटतं, पण तसं ते नाही. बिल मन्रो या केंटकीच्या मँडोलिनवादकाने आपल्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडमध्ये त्याची घडण केली. डिसेंबर १९४५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या फ्लिंट हिलचा, जेमतेम एकविशीतला अर्ल स्क्रग्ज त्या बँडमध्ये आला आणि उजव्या हाताच्या तीन बोटांनी बँजो असा काही वाजवू लागला की त्या वाद्याचा नूरच पालटला. म्हणजे हा प्रकार सैगलच्या गाण्यांपेक्षाही तरुण. त्याच्या मागे जे होतं, घराच्या ओसरीवर, नाचाच्या रात्री, मक्याची कणसं सोलायला जमलेल्या शेजाऱ्यांत वाजत होतं, ते ओल्ड-टाइम. माझा जीव जडला तो त्याच्यावर. नवख्या श्रोत्याला मात्र मी आधी ब्लूग्रासच ऐकवतो, कारण ते लगेच धरून ठेवतं. ओल्ड-टाइमला बसायची तयारी लागते.

बसायचं म्हणजे कसं, ते सांगतो. एखाद्या ताडपत्रीखाली पाच-सहा जण दाटीवाटीने बसलेले असतात. फिडलवाला आणि बँजोवाला गुडघ्याला गुडघा लावून, शेजारी गिटार, मागे उभा बास. सुरावट छोटी, दोन भागांची. पहिला भाग दोनदा, दुसरा भाग दोनदा, सगळं मिळून अर्ध्या मिनिटाचा फेरा. तोच फेरा पंधरा वेळा, वीस वेळा. इथे कुणी पुढे येऊन आपलं कसब दाखवत नाही. सगळे मिळून तीच चाल वाजवतात. चौथ्या-पाचव्या फेऱ्यापर्यंत ऐकणाऱ्याला वाटतं, कळलं, आता पुढे काय? दहाव्याच्या सुमाराला ते वाटणं गळून पडतं. मग फिडलच्या गजाची बारीक वळणं ऐकू यायला लागतात, बँजोचा अंगठा कुठे टाळी दिल्यासारखा पडतो ते कळतं. फिडलवाल्याने एक पाय जरासा वर उचलला की तो शेवटचा फेरा. सगळे एकदम थांबतात आणि कुणीतरी समाधानाने हसतं.

त्या अंगठ्याबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. क्लॉहॅमर पद्धतीत हाताची मूठ नखं खाली करून पंजासारखी धरतात. तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं नख तारेवर वरून खाली मारतात आणि अंगठा आखूड पाचव्या तारेवर टेकून सुटतो. तार छेडली जाते ती नखाच्या पाठीने, त्यामुळे आवाजात लाकडाचा आणि चामड्याचा ठोका असतो. स्क्रग्जच्या वळणाने वाजवणारे बोटांत धातूच्या नख्या घालतात, त्यांचा आवाज लखलखीत. पार्किंगमधून चालताना डोळे मिटले तरी कुठल्या तंबूत काय चाललंय ते ओळखू येतं.

आई एका उन्हाळ्यात आमच्याकडे आली होती, तेव्हा तिलाही नेलं. तिची हयात भजनी मंडळात गेली. मी थोडा धास्तावलो होतो, भाषा नाही, ओळख नाही, चिखलात बसायचं. ती अर्धा तास काही बोलली नाही. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "अरे, ती बुटकी तार बघ, तंबोऱ्यासारखा सूर धरून ठेवतेय." अगदी नेमकं पकडलं होतं तिने. पाचव्या तारेचा सूर सुरावटीत कुठेही बदलत नाही, बाकीचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

पुढचं मी कधी विसरणार नाही. ओल्ड-टाइममध्ये फिडल आणि बँजो पट्टीप्रमाणे वेगवेगळे लावतात. एकदा 'ए'मध्ये लावले की तास-दीड तास त्याच पट्टीतल्या सुरावटी वाजतात. मग कुणीतरी विचारतं, "डीमध्ये जायचं का?" आणि खुंट्या पिळायला सुरुवात होते. हा पाच-दहा मिनिटांचा वेळ माझ्या लेखी जॅमचा, म्हणजे अशा एकत्र वाजवण्याच्या बैठकीचा, सगळ्यात मोलाचा भाग आहे, कारण गोष्टी तेव्हा निघतात. त्या वेळात आईने मला सांगितलं, "विचार त्यांना, हे कुणाकडून घेतलं." मी विचारलं. सत्तरीच्या पुढचे ते गृहस्थ फिडल मांडीवर ठेवून तिच्याकडे वळले, तिला 'मॅम' म्हणाले आणि बोलतच राहिले. ही चाल त्यांनी टॉमी जॅरेलच्या स्वयंपाकघरात बसून उचलली होती. टॉमीने ती वडिलांकडून, बेन जॅरेलकडून. बेनने १९२७ साली रेकॉर्डही केल्या होत्या. मधल्या एका वळणाबद्दल ते म्हणाले की टॉमी ते असं घ्यायचा, पण मला जमत नाही म्हणून मी असं घेतो. तोवर बँजो पुन्हा उतरला होता. आईला शब्द कळत नव्हते, मी सांगेन तेवढंच पोचत होतं, पण ती मान हलवत होती, कारण अमुक जागा अमुक बुवांची हे बोलणं तिच्या ओळखीचं होतं.

टॉमी जॅरेलचं घर आमच्या वाटेवरच्या टोस्ट नावाच्या वस्तीत होतं, माउंट एअरीला लागून. १९०१ सालचा जन्म. रस्ते सपाट करणारं यंत्र चालवत त्याने नॉर्थ कॅरोलायनाच्या हायवे खात्यात आयुष्य काढलं आणि १९६६ साली तो निवृत्त झाला. तरुणपणी यादवी युद्धात लढलेल्या म्हाताऱ्यांकडून त्याने सुरावटी घेतल्या होत्या. निवृत्तीनंतर गावोगावची तरुण मुलं फिडल घेऊन त्याच्या दारात यायला लागली. ओळख ना पाळख, तरी त्याने त्यांना जेवू घातलं, झोपायला जागा दिली आणि रात्र रात्र वाजवून दाखवलं. फी घेतली नाही. १९८२ साली त्याला अमेरिकेतला लोककलेचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला आणि १९८५ साली तो गेला. त्याचं फिडल आता वॉशिंग्टनला स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. आज गॅलॅक्सच्या पार्किंगमध्ये जे साठी-सत्तरीचे लोक वाजवतात, त्यातले कितीतरी त्याच्या स्वयंपाकघरातून शिकून गेलेले. एका माणसाच्या दार उघडं ठेवण्याने किती दूरवर गाणं पोचतं, याचा मला अजून अचंबा वाटतो.

त्याच वाटेवर, टोस्टच्या बरंच आधी, मेबन लागतं. तिथे मी गाडीतल्या नव्या माणसाला जो थॉम्पसन या तिथल्या काळ्या फिडलवादकाबद्दल सांगतो, आणि हे कधी गाळत नाही. बँजो हे पांढऱ्या डोंगराळ माणसांचं वाद्य, अशी समजूत घेऊन बहुतेक जण येतात. पण या वाद्याचे पूर्वज पश्चिम आफ्रिकेतले. भोपळ्याला चामडं ताणून केलेली ती वाद्यं गुलाम म्हणून आणलेल्या माणसांच्या आठवणीतून या खंडात आली आणि त्यांच्याच हातांनी इथे पुन्हा घडली. काळ्या फिडल-बँजोवादकांची घराणी कॅरोलायनात पिढ्यान्‌पिढ्या होती. जो थॉम्पसन वडिलांकडून फिडल शिकला, चुलतभाऊ ओडेलच्या बँजोबरोबर वाजवत राहिला. २००५ च्या एप्रिलमध्ये बून गावातल्या ॲपलेशियन स्टेट विद्यापीठात ब्लॅक बँजो गॅदरिंग भरलं. तिथे जमलेल्यांतले तीन तरुण नंतर मेबनला जोच्या घरी जाऊन शिकू लागले आणि त्यातून 'कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स' हा बँड उभा राहिला. त्यांच्या अल्बमला २०११ साली ग्रॅमी मिळालं. आज नावाजलेली गायिका आणि बँजोवादक रिअॅनन गिडन्स त्यातलीच. जो २०१२ साली गेला. इतिहासाचा हा भाग सांगितल्याशिवाय बँजो ऐकवणं मला अर्धवट वाटतं.

सगळ्यांनाच हे आवडलं असं नाही. आमच्या मराठी मंडळातली काही मंडळी एकदा आली आणि दुपारच्या पावसाने कंटाळून परत गेली. तबला वाजवणारा एक मित्र मात्र फ्लॅटफूट नाचात अडकला. प्लायवूडचा एक तुकडा जमिनीवर टाकलेला असतो, त्यावर नाचणारा चढतो. कमरेच्या वर अंग जवळजवळ स्थिर, पावलं जमिनीपासून बोटभरही उचलत नाहीत, टाच आणि चवडा यांचे सगळे बोल लाकडावर. मित्र उकिडवा बसून पावलांकडे बघत मांडीवर ते बोल उमटवत होता. नाचणाऱ्या आजींनी ते पाहिलं आणि थांबून त्याला तोच तुकडा सावकाश करून दाखवला. तेव्हापासून आमच्या गाडीत एक जागा त्याची.

गेल्या काही वर्षांत मी सोमवारीच रजा टाकतो, कारण सोमवार मुलांचा. शेजारच्या परगण्यात, नॉर्थ कॅरोलायनाच्या स्पार्टा गावातल्या प्राथमिक शाळेत हेलन व्हाइट या समुपदेशिकेने २००० साली शाळा सुटल्यावर मुलांना फिडल, बँजो, गिटार शिकवायला सुरुवात केली. कानाने ऐकून, समोरासमोर, गावातल्याच वादकांकडून. ज्युनिअर ॲपलेशियन म्युझिशियन्स या नावाने तो उपक्रम डोंगरातल्या अनेक शाळांत पोचला. घरात वाद्य नसलेल्या मुलालाही तिथे वाद्य हातात मिळतं. हेलनबाई २०१९ साली वारल्या, काम चालू आहे.

सोमवारी संध्याकाळी मंचाच्या मागे ही मुलं एका रांगेत उभी असतात, अंगाच्या मानाने मोठं फिडल काखोटीला मारून. एका वर्षी नऊ-दहा वर्षांची एक मुलगी सुरावटीच्या मध्येच अडखळली, थांबली, गज उचलला आणि पहिल्या भागापासून पुन्हा सुरू केलं. नियमाप्रमाणे तिला बक्षीस मिळालं नाही. पण उतरल्यावर तिला एक आजोबा आपल्या ताडपत्रीखाली घेऊन गेले, आणि जिथे अडखळली तीच जागा दोघांनी मिळून इतक्या वेळा वाजवली की आजूबाजूचे आठ-दहा जणही ती शिकले. मीही त्यात होतो.

यंदा कुणाला यायचं असेल तर सांगून ठेवतो. पाऊस येतोच, तेव्हा गमबूट हवेत. खुर्ची आपली आपण आणायची. जॅममध्ये घुसून फोन नाचवायचा नाही, आधी एक-दोन सुरावटी मागे उभं राहून ऐकायच्या, मग कुणीतरी मानेनेच जागा दाखवतं. वाद्य येत नसेल तरी चालतं. आणि पट्टी बदलायला ते खुंट्या पिळायला लागले की लाजू नका, विचारा, ही चाल कुणाकडून आली.