अमरावती ते पुणे, जुनी एस्टीम आणि सीपॅप: ‘जनरेटर आहे’ यावर विसंबू नका

निकाल आधीच सांगते. विदर्भातून गाडीने पुण्याला येणार असाल तर समृद्धी महामार्गावरून छत्रपती संभाजीनगरला उतरा आणि नेवासा फाट्यावरून नगरला या. ‘समृद्धी शिर्डीपर्यंत धरा, तिथे उतरा, पुढे पुणं जवळच’ असं छातीठोकपणे सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. आणि सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन, घेऊन फिरत असाल तर ‘जनरेटर आहे हो मॅडम’ एवढ्या भरवशावर लॉजची खोली घेऊ नका. या दोन गोष्टी मला निघण्याआधी कुणी नीट सांगितल्या असत्या तर हा प्रवास निम्म्या त्रासात झाला असता.

ज्यांना पंक्चर झालेलं चाक बदलता येतं, ज्यांची स्लीप स्टडी (झोपेतला श्वास रात्रभर मोजणारी तपासणी) झालेली आहे आणि मशीनचं प्रेशर डॉक्टरांनी ठरवून दिलेलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

गाडी २००७ची मारुती एस्टीम, पेट्रोल, एमएच-२७ पासिंग. घरातून विरोध झाला. भाचा म्हणाला, ‘मावशी, ही आता कुणी घेत नाही.’ म्हणून तर लाखाच्या आत मिळाली. १.३ लिटरचं ८५ अश्वशक्तीचं इंजिन, अंगाने हलकी, काचा मोठ्या, चारही बाजूंना स्पष्ट दिसतं आणि कुठल्याही तालुक्याच्या गावात हिला हात लावणारा मिस्त्री सापडतो. मला एवढंच हवं होतं. एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. त्यामुळे ही नव्वदच्या आत चालवायची गाडी आहे. ज्यांना एकशेवीसने जायचंय त्यांनी घेऊ नये.

विदर्भातली गाडी मुद्दाम शोधली. मुंबई-कोकणातली याच वयाची गाडी वरून कितीही चकचकीत असली तरी खालून गंजाने खाल्लेली असते. डिकीतलं स्टेपनीचं चाक उचलून खालचा पत्रा पाहा, दारांच्या खालच्या कडेवरून बोट फिरवा, पायाखालचं मॅट वर करा. अमरावतीच्या ज्या काकांकडून ही घेतली त्यांच्या गाडीचा पत्रा कोरडा होता. रबर मात्र ऊन खाऊन कडक झालेलं. पेट्रोलचे पाइप आम्ही तिथेच बदलून घेतले, कारण या गाड्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी बनलेल्या नाहीत. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘२३१६’ असेल तर तो टायर २०१६चा. नक्षी कितीही उठून दिसली तरी तो टायर घालून समृद्धीच्या तापलेल्या काँक्रीटवर चढू नका. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते विचारा. ‘आठवत नाही’ असं उत्तर आलं तर बदललेला नाही असंच धरा.

कागदपत्रांत आरसीवरची मुदत आधी बघा. पंधरा वर्षं झाली की पाच वर्षांसाठी नूतनीकरण लागतं, आणि वीस वर्षं उलटल्यावर कारची फी २०२५च्या ऑगस्टपासून दुप्पट, म्हणजे दहा हजार झाली आहे. ग्रीन टॅक्स वेगळा. दुसरं, आरसीवर बँकेचा बोजा अजून आहे का ते तपासा. कर्ज कधीच फिटलेलं असतं, पण बोजा उतरवलेला नसतो, मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ यासाठी विक्रेत्याच्या मागे फिरावं लागतं. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या समोर बसून घ्या, ई-चलान भरून घ्या आणि विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सवलत) तुम्हाला मिळत नाही.

आता झोपेचं. कित्येक वर्षं सकाळी डोकं जड, दिवसभर मरगळ. थायरॉइड तपासलं, हिमोग्लोबिन तपासलं, ‘वयामुळे होतं’ हेही ऐकून झालं. बायका घोरतात हे घरातल्यांना बोलायला अवघड जातं आणि डॉक्टरांनाही पटकन सुचत नाही. शेवटी स्लीप स्टडी झाली. तासाला तीसच्या वर वेळा श्वास अडत होता, म्हणजे तीव्र गटात. तोवर सिग्नलला उभी असताना डोळा लागायला लागला होता, म्हणून गाडी चालवणं मी स्वतःहून सोडलं होतं. एस्टीम ही मशीन अंगवळणी पडल्यानंतरची खरेदी आहे. उपचार चालू नसतील तर जुनी काय, नवी काय, कुठलीच गाडी घेऊ नका.

मशीन अंगवळणी पडायला वेळ लागतो आणि त्यात पुस्तिकेबाहेरचं बरंच असतं. केसांना तेल लावून झोपलात तर मास्कचे पट्टे घसरतात. चेहऱ्याला क्रीम लावलंत तर मास्कची कड धरत नाही आणि रात्रभर डोळ्यांत हवा जाते. अंबाडा पट्ट्यांच्या आड येतो, सैल वेणी घालून पुढे खांद्यावर घ्या. झोपेत मास्क ओढून काढला जात असेल तर दिवसा, जागेपणी, टीव्ही बघताना तासभर लावून बसा. मला याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. तोंड उघडं राहत असेल तर डॉक्टरांशी बोलून मास्कचा प्रकार बदला, सोसत बसू नका.

गाडी घेऊन अमरावतीहून पुण्याला निघालो मे महिन्यात, धाकटा भाऊ बरोबर. नांदगाव खंडेश्वरच्या बाजूने समृद्धीवर चढलो. पेट्रोल भरूनच चढा, पंप लांब लांब आहेत. टोल किलोमीटरला दोन रुपयांच्या वर पडतो. रस्ता एवढा सरळ आणि एकसुरी आहे की ज्याची रात्रीची झोप नीट झालेली नाही त्याने या रस्त्यावर गाडी चालवूच नये. मी कारंज्यापासून मेहकरपर्यंत चालवली, डावी लेन, ऐंशी-पंच्याऐंशी. एकदाही पापणी जड झाली नाही. हे शेवटचं कधी झालं होतं ते मला आठवत नाही. मेहकरला उतरून लोणारला मुक्काम केला. सरोवर बघण्यासारखं आहे, खोली बरी होती, वीज रात्रभर होती.

विदर्भातल्या मे महिन्यात मशीन डिकीत ठेवू नका. माझ्या मशीनच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतचंच तापमान दिलंय आणि बंद गाडीत त्याच्या कितीतरी वर जातं. मागच्या सीटवर ठेवा, जेवायला उतरलात तर बरोबर घ्या. पाण्याची टाकी रिकामी करूनच हलवा, नाहीतर गाडीच्या हिसक्याने पाणी मशीनच्या मोटारीत शिरतं. मेहकरला डिस्टिल्ड वॉटर मागितलं तर बॅटरीत घालायच्या पाण्याचा कॅन पुढे केला. ते श्वासात घ्यायला वापरू नका. एक-दोन रात्री सीलबंद बाटलीतलं पिण्याचं पाणी चालतं, टाकीला पांढरा थर येतो तो नंतर धुता येतो.

आता शिर्डी. लॉजचं नाव लिहीत नाही, कारण अशी बरीच असणार. फोनवर विचारलं होतं, पोचल्यावर पुन्हा विचारलं: रात्रभर वीज लागेल, मशीन आहे, गेली तर काय? ‘जनरेटर आहे हो मॅडम, काळजी नको.’ मग माझी बॅग उघडलेली पाहून काउंटरवरच्या माणसाने रजिस्टर ओढलं आणि मशीनचे पाचशे वेगळे लावले. ‘हीटरसारखं लोड घेतं.’ मी मशीनखालचं लेबल दाखवलं, त्याने बघितलंसुद्धा नाही. रात्री दहाला दुसरी खोली कुठे शोधणार? पैसे दिले.

याचा हिशेब सगळ्यांनी पाठ करून ठेवावा. ह्युमिडिफायर (टाकीतल्या पाण्याने हवा ओलसर करणारा भाग) बंद ठेवला तर मशीन साधारण दहा-पंधरा वॅट घेतं. ह्युमिडिफायर आणि गरम नळी दोन्ही चालू धरली तरी चाळीस-पन्नास. छताचा साधा पंखा पंच्याहत्तरच्या आसपास घेतो, आणि त्याचे कुणी वेगळे पैसे मागत नाही. सात तासांना फार तर पाऊण... नाही, पाऊणसुद्धा नाही, एक तृतीयांश युनिट. युनिटला वीस रुपये धरले तरी सात रुपये होतात. सात रुपयांचे पाचशे घेतले. पावती मागितली तर ती ‘एक्स्ट्रा बेड’ची मिळाली.

आणि रात्री वळवाचा पाऊस आला, वारा सुटला, वीज गेली. ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगते: मोटारीचा बारीक आवाज थांबतो, नाकावरचा हवेचा दाब एकदम जातो आणि आपलाच कोमट श्वास परत तोंडावर येतो. घाबरायचं नाही, मास्कला भोकं असतात, गुदमरत नाही. मास्क काढून ठेवायचा आणि उठून बसायचं. मी खाली गेले. जनरेटर खरंच होता. त्यावर लिफ्ट, जिन्यातले दिवे आणि काउंटरचा टीव्ही चालू होता. खोल्यांना लाइन दिलेलीच नव्हती. म्हणजे ‘जनरेटर आहे’ हे खोटं नव्हतं, आणि याच गोष्टीचा मला अजून संताप येतो. वीज पहाटे आली. पाचशे परत मिळाले नाहीत.

मशीनशिवाय रात्र गेली की दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही. कितीही ताजंतवानं वाटलं तरी नाही, चहा-कॉफी घेऊनही नाही. हा नियम मी मोडत नाही. भाऊ नसता तर मी तो दिवस शिर्डीतच काढला असता. एकट्याने जाणाऱ्यांनी असा एक मोकळा दिवस हाताशी ठेवूनच निघावं.

पुढचा नगर-मनमाड रस्ता. राहाता, बाभळेश्वरपर्यंत ठीक म्हणू. कोल्हारपासून राहुरी फॅक्टरी, राहुरी, कृषी विद्यापीठ आणि पुढे विळद घाटापर्यंत आम्हाला जे मिळालं त्याला राष्ट्रीय महामार्ग म्हणणं चूक आहे. एक बाजू उकरलेली, दुसऱ्या बाजूवर दोन्हीकडची वाहतूक, कडेला हातभर खाली गेलेला भराव, आणि रात्रीच्या पावसाने खड्डे पाण्याने भरलेले, त्यामुळे खोली कळत नव्हती. एस्टीम जमिनीला जवळ आहे. दोनदा पोटाला घासली. राहुरीच्या पुढे एका कांद्याच्या ट्रकमागे आम्ही एवढे रेंगाळलो की तापमानाचा काटा वर सरकला, एसी बंद करून काचा खाली केल्या, मग तो उतरला. हंगामात याच रस्त्यावर उसाच्या दुहेरी ट्रॉल्या असतात, तेव्हा रात्री इथे जाऊच नका. शिर्डीला जाणं अगदी टळत नसेल तर बाभळेश्वरवरून लोणीमार्गे संगमनेर गाठा आणि नाशिक-पुणे रस्त्याने या. चाकणला अडकाल, पण गाडी शाबूत राहील.

एस्टीमने मात्र कुठेही दगा दिला नाही. सगळ्यांनी गाडीची भीती घातली होती, विजेबद्दल कुणी चकार शब्द काढला नव्हता.

म्हणून बॅटरीचं. गाडीच्या बॅटरीवर रात्रभर मशीन चालवायचा सल्ला देणारे आहेत. एस्टीमची बॅटरी १२ व्होल्ट ३५ एएच (अँपिअर-अवर), कागदावर ४२० वॉट-अवर. मशीन चालेलही, पण ही बॅटरी स्टार्टर फिरवण्यासाठी असते, खोलवर उपसण्यासाठी नाही. जुनी असेल तर सकाळी गाडी ढकलावी लागेल. वेगळी लिथियम फॉस्फेट बॅटरी घ्या. १२ व्होल्ट २० एएचची म्हणजे २४० वॉट-अवर, ह्युमिडिफायर बंद ठेवून दोन रात्री निघतात. घेण्याआधी मशीनखालचं लेबल वाचा. काही मशीन १२ व्होल्टवर चालतात, काही २४वर, आणि २४वाल्याला १२च्या बॅटरीसाठी मधे कन्व्हर्टर लागतो. मशीन बनवणाऱ्याचीच डीसी केबल घ्या. इन्व्हर्टर लावून २३० करायचं आणि अडॅप्टरने पुन्हा खाली आणायचं, यात वीज फुकट जाते. लावायचाच असेल तर प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या विजेसारखी वीज देणारा, स्क्वेअर वेव्हचा स्वस्त इन्व्हर्टर नको.

लॉजवर पैसे देण्याआधी खोलीत जाऊन पलंगाजवळचं सॉकेट बघा. बऱ्याच ठिकाणी ते किल्लीच्या कार्डवर असतं, कार्ड काढलं की मशीन बंद. मग मॅनेजरला इमारतीचा मेन सप्लाय बंद करून जनरेटर चालू करून दाखवायला सांगा. सॉकेट चालू राहिलं तरच पैसे द्या. तो कां-कूं करायला लागला तर बॅग उचला आणि पुढच्या लॉजवर जा, पण हे सगळं दिवसाउजेडी करा.