दिवाळी पहाटेची गर्दी आणि आमची तयारी

नरक चतुर्दशीला ठाण्यात राम मारुती रोड आणि तलावपाळीला उजाडायच्या आत तरुण मंडळी जमू लागतात. गाणी, फोटो, भेटीगाठी होतात आणि साडेसातच्या सुमारास सगळ्यांना एकदम भूक लागते. नौपाड्यातल्या आमच्यासारख्या छोट्या उपाहारगृहाला त्या दिवशी सकाळी सहा ते दहा हे चारच तास महत्त्वाचे. आता आम्ही तयारी खुर्च्या मोजून करत नाही, कढई मोजून करतो. गर्दी अडते ती टेबलाशी नाही, घाण्याशी अडते.

आमच्या कढईत आठ लिटर तेल बसतं. त्यात एका घाण्याला १८ वडे. तळायला साडेचार-पाच मिनिटं, झाऱ्याने चुरा काढून तेल पुन्हा १७५-१८० अंशांवर यायला दीड-दोन मिनिटं. म्हणजे तासाला नऊ घाणे, १६० वडे. समोर रांग दिसली की कारागीर ३०-३५ वडे सोडतो, आणि चूक तिथेच होते. इतकं गार पीठ एकदम पडलं की तेलाचं तापमान झपकन उतरतं. आवरण पटकन घट्ट होत नाही, तेल पितं, वडे एकमेकांना चिकटतात. तळायला नऊ-दहा मिनिटं लागतात आणि निम्मे वडे परत येण्याच्या लायकीचे निघतात. त्यामुळे संख्या वाढवायची असेल तर दुसरी कढई लावायची, पहिलीत गर्दी करायची नाही. कढईशेजारच्या भिंतीवर आम्ही मोठ्या अक्षरात '१८' लिहून ठेवलंय.

दुसरी कढई म्हणजे दुसरी शेगडी, आणि मग प्रश्न गॅसचा. १९ किलोच्या एकाच सिलिंडरवर तीन मोठे बर्नर तासन्‌तास चालवले की आतला द्रव गॅस तेवढ्या वेगाने वाफ होऊ शकत नाही. वाफ होताना तो सिलिंडरचीच उष्णता ओढतो, बाहेरून दव धरतं, मग पांढरा बर्फ, आणि ज्योत बसते. सिलिंडर अर्धा भरलेला असूनही संपल्यासारखा वाटतो. अशा वेळी त्यावर गरम पाणी ओतणं, आडवा करून हलवणं हे प्रकार बिलकूल करू नयेत. दोन सिलिंडर एकाच पाइपला जोडून दोन्हींतून एकदम गॅस घेतला की भार विभागतो आणि बर्फ धरत नाही. जोडणी अधिकृत माणसाकडूनच करून घ्यायची, आणि आठवडाभर आधी. आदल्या रात्री कोणी येत नाही. प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघायचे. सिलिंडर किती तास पुरतो ते अंदाजाने ठरवू नये. आधीच्या रविवारी सुरू करण्यापूर्वी आणि नंतर वजन करून बघा, तासाचा खप कळतो.

मेन्यू कापावा लागतो, यावर आमच्यातही दरवर्षी वाद होतो. पण थालीपीठ, डोसा, ऑम्लेट हे तव्यावरचे पदार्थ एकेक माणूस अडकवून ठेवतात. आम्ही त्या सकाळी फक्त बटाटावडा, मिसळ, पुरी-भाजी, शिरा, चहा-कॉफी ठेवतो. नेहमीचं गिऱ्हाईक नाराज होतं, पण चाळीस मिनिटं थांबून उठून गेलेलं गिऱ्हाईक त्याहून जास्त नाराज असतं.

बटाट्याकडे नीट लक्ष द्या. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमधून गोणी आणली की आधी त्यातले दोन किलो उकडून बघायचे. शीतगृहातला बटाटा थंडीत राहून गोडसर झालेला असतो आणि सारणाची चव बिघडवतो. तो आठवडा-दहा दिवस बाहेर हवेशीर ठेवला तर गोडी कमी होते, म्हणून खरेदी लवकर करायची. नवा बटाटा पाणीदार असतो, त्याचं सारण चिकट होतं. २० किलो बटाट्यातून सालं जाऊन, फोडणी-कोथिंबीर धरून १८ किलोच्या आसपास सारण होतं. ४० ग्रॅमचा गोळा धरला तर साडेचारशे वडे.

हे सारण बिघडतं ते गार करण्यात. गरम सारण खोल टोपात भरून झाकण ठेवलं की मधला भाग चार-पाच तास कोमटच राहतो, आणि ५ ते ६० अंशांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात. पहाटे झाकण काढलं की आंबूस वास. आम्ही परातींत दोन इंचांपेक्षा जाड थर देत नाही. पंख्याखाली गार करायचं आणि मग उथळ ट्रेमधून फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रिजही ठासून भरायचा नाही, हवा फिरायला जागा लागते. दाराच्या रबरात कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. सहज निघाली तर रबर बदलायला झालंय.

बेसनाच्या पिठात सोडा एकदम सगळ्याला घालू नये. तासाभरात त्याचा जोर जातो आणि शेवटचे वडे दगड होतात. दोन-दोन किलोचं पीठ भिजवायचं आणि सोडा कढईजवळ घालायचा.

मिसळीची मटकी उलटी मोजायची. सोमवारी पहाटे हवी असेल तर शनिवारी रात्री भिजत घालायची, रविवारी सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधायची, रात्रीपर्यंत मोड येतात. पाच किलोचं एकच गाठोडं केलं तर आत ऊब साठून मटकी बुळबुळीत होते, वास मारते. दीड-दोन किलोची वेगळी गाठोडी करून चाळणीत ठेवायची. मोड लवकर आले तर सरळ फ्रिजमध्ये. एक किलो कोरड्या मटकीच्या २५ ते ३० प्लेट होतात. कट आदल्या दिवशी, रस्सा मात्र पहाटेच.

माणसांचं नियोजन सगळ्यात आधी. कोकणातली मुलं गणपतीला जातात, ती दिवाळीत असतात. उत्तर भारतातली दिवाळी धरून छठपूजेला निघतात, आणि छठ येते लक्ष्मीपूजनानंतर सहाव्या दिवशी. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. म्हणून रजांचा तक्ता त्याच्याही आठवडाभर आधी भिंतीवर लागला पाहिजे, मग तिकिटं. आधी तिकीट आणि मग रजेवरून भांडण, असं झालं की दोन्हीकडची माणसं दुखावतात. जो चतुर्दशीची सकाळ सांभाळून त्याच संध्याकाळी गाडी पकडणार असेल, त्याचा हिशोब आम्ही आदल्या रात्रीच पूर्ण करून हातात देतो.

त्या सकाळी रस्ते वाहनांना बंद होतात, टेम्पो आत येत नाही. दूध, पाव, बर्फ, सिलिंडर सगळं आदल्या रात्री दहाच्या आत. दूध रात्री ठेवायचं तर फ्रिजमधली जागा आधीच राखून ठेवा, सारणाच्या ट्रेंनी ती खाल्लेली असते. सुट्ट्या नोटा हव्यातच, कारण एवढ्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क बसतं. ऑनलाइन ऑर्डर दहापर्यंत बंद. पैसे आधी, कुपन नंतर. गल्ल्यावरच्या माणसाने पदार्थाला हात लावायचा नाही.

आग लागण्याचा धोका असतो तो चिमणीच्या जाळीत साठलेल्या तेलाला. जाळ्या चार दिवस आधी गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवून घासा. तेलाच्या आगीवर पाणी कधीच नाही. गॅस बंद करून झाकण आणि तेलाच्या आगीसाठीचं वेट केमिकलचं अग्निशामक. ते कुठे लटकवलंय हे नव्या पोरालाही डोळे मिटून सांगता आलं पाहिजे.

दहानंतर कढई गार होऊ द्यायची. तेल पुन्हा पुन्हा तापून खराब होताना त्यात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की कायद्यानेच ते वापरता येत नाही. तळताना फेस धरू लागलं, काळपट आणि चिकट झालं तर हे घटक मोजणाऱ्या मीटरची वाट बघायची गरज नाही. ते मोरीत ओतू नका. ग्रीज ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी, तुंबतो आणि पाडव्याच्या दुपारी, गिऱ्हाईक बसलेलं असताना, पाणी मागे येतं. गाळून झाकणाच्या डब्यात भरा, बायोडिझेलसाठी तेल नेणारे येतात त्यांना द्या आणि पावती घ्या. उरलेली मटकी आणि बाहेर राहिलेलं सारण त्याच दिवशी टाकायचं. वडे किती खपले, शेवटचा घाणा किती वाजता, कुठला पदार्थ आधी संपला हे ओट्याशी उभ्याउभ्याच वहीत लिहायचं. दुपारी झोप लागली की आकडे विसरतात.