आमची वाटचाल: सालीचे मासे आणि तीनशे ऐंशी तडे

आमच्या कारखान्याला कारखाना म्हणणं जरा जास्तच होईल. फिनलंडमधल्या आसिक्कालामध्ये, पॅइयॅन्ने तळ्याच्या दक्षिण टोकाला, वारींचं जुनं गॅरेज आहे. त्यात दोन बाकं, एक पट्टीकरवत, पत्र्याचा चार मीटरांचा हौद आणि लाकडाची शेगडी. शेगडीवर कॉफीची किटली, जी मी कधी रिकामी पाहिलेली नाही. एवढ्या भांडवलावर गेली चौदा वर्षं आम्ही पाइनच्या सालीचे वाप्पू करतो. वाप्पू म्हणजे गळाला लावायचा खोटा मासा. फिनिशमध्ये या शब्दात डुलत चालणं आहे, आणि मासा डुलला नाही तर तो वाप्पू नव्हे, नुसता रंगवलेला लाकडाचा तुकडा.

वारी म्हणजे आजोबा. फिनिश शब्दच तो आहे. नातवंडं म्हणतात म्हणून गाव म्हणतं आणि मीही म्हणते. पहिल्या वर्षी आईला फोनवर सांगितलं, "उद्या वारीबरोबर जंगलात जातेय," तर ती म्हणाली, "आषाढाक अजून वेळ आसा गे."

मी सावंतवाडीची. चितार आळीत आमच्या घरी लाकडी फळं रंगवायचं काम होतं. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, त्यावर अस्तर, मग रंग. आंबा, सीताफळ, केळी, आणि माझ्या वाट्याला नेहमी काजूचं बोंड. पिवळ्यातून लाल कसा चढवायचा ते मी नवव्या वर्षी शिकले. नवऱ्याच्या नोकरीमुळे लाहतीला आले तेव्हा ही विद्या इथे कुणाच्या कामाची असेल असं स्वप्नातही नव्हतं.

वॅक्सूच्या कालव्याकाठी उन्हाळ्यात बाजार भरतो. तिथे एका म्हाताऱ्याच्या टेबलावर चाळीसेक मासे मांडलेले होते. अंग इतकं सुरेख की हातातून सोडवेना, आणि रंग मात्र कुंपणाला फासावा तसा. तेव्हा माझं फिनिश जेमतेम. मी म्हटलं, "मासा चांगला. रंग वाईट." म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, खिशातून एक न रंगवलेला मासा काढून दिला आणि बोटाने तारीख दाखवली, पुढचा शनिवार. आमची भागीदारी तिथे झाली. कागदावर ती तीन वर्षांनी आली.

आता सालीबद्दल. हौशी लोक इथेच चुकतात, म्हणून जरा थांबते. पाइनची साल वरच्या खोडावर पातळ आणि नारिंगी असते, ती बिनकामाची. आपल्याला हवी ती जुन्या झाडाच्या बुंध्याकडची, ढालीसारखी जाड, बाहेरून करडी आणि आत विटकरी. इथे तिला कार्ना म्हणतात. फिनलंडमधलं प्रत्येक पोर लहानपणी कार्नाची होडी कोरतं, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की आपल्याला जमेल. जंगलात हिंडायला आणि बेरी-आळंबी वेचायला इथे कुणाची परवानगी लागत नाही. साल ओरबाडायला मात्र मालकाची लागते. आम्ही तोडणी झालेल्या जागी, मालकाला विचारून, पडलेल्या खोडांची साल काढतो. जिवंत झाडाला वारींनी कधी सुरी लावली नाही. सालीच्या आत जो मऊ थर असतो तो वाळवून, दळून १८६६ ते ६८ च्या दुष्काळात लोकांनी भाकरीत घातला. वारी ते असं सांगतात जणू काल घडलंय. त्या झाडाबद्दल ते हलक्या आवाजात बोलतात.

साल म्हणजे पापुद्र्यांवर पापुद्रे. मासा कोरताना पापुद्रे आडवे आले पाहिजेत, पाठीपासून पोटापर्यंत एकावर एक. उभे आले तर पहिल्याच मोठ्या हाउकीच्या, म्हणजे पाइक नावाच्या दातेरी माशाच्या, जबड्यात मासा पुस्तकासारखा उघडतो. आणि साल वाळायला दोन वर्षं लागतात. सावलीत, हवेशीर माळ्यावर, दोन वर्षं. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

कोरायला पूक्को, म्हणजे इथली कमरेची सुरी. वारींचा पूक्को त्यांच्या वडिलांचा, मूठ बर्चच्या गाठीची, पातं घासून घासून मूळच्या निम्मं राहिलेलं. बोथट सुरी साल कापत नाही, फाडते. पोटाला करवतीने चीर पाडायची, त्यात ०.८ मिलिमीटरची स्टेनलेस तार नाकापासून शेपटीपर्यंत अखंड बसवायची, पोटात शिशाचा गोळा आणि वर इपॉक्सी. मग पातळ लाखेत बुडवून अंग पाजून घ्यायचं, घासायचं, चंदेरी कागद, रंग, आणि वर सहा-सात हात पारदर्शक लाख. शेवटी हनुवटीत पोहण्याची पाटी, पाण्यात माशाला डुलवते ती. हौदातून एकेक मासा ओढून बघायचा. एका बाजूला पळाला तर नाकातली कडी पक्कडीने उलट बाजूला वाकवायची, केसभर. केसभर म्हणजे किती ते शिकायला मला दोन हिवाळे लागले.

या भागात हा धंदा आकाशातून पडला नाही. जगभर विकल्या जाणाऱ्या 'रापाला' वाप्पूंचे जनक लाउरी रापाला याच पाण्यावर मासेमारी करायचे. थव्यातल्या जखमी, वेड्यावाकड्या पोहणाऱ्या माशावरच मोठा मासा झडप घालतो हे त्यांनी पाहिलं, आणि १९३६ साली चांभाराच्या सुरीने बुचातून पहिला वाप्पू कोरला. वर चॉकलेटचा चंदेरी कागद आणि त्यावर वितळवलेल्या फोटो-निगेटिव्हचा लेप. युद्धात बूच मिळेना तेव्हा झाडाची साल वापरली गेली, पुढे बाल्साचं हलकं लाकूड आलं. १९६२ मध्ये 'लाइफ' मासिकाच्या मेरिलिन मन्रोवाल्या अंकात त्यांच्यावर लेख आला आणि अमेरिकेने मागणीचा पूर लोटला. तळ्याकाठच्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या घरी यापुढची एक गोष्ट असते, आणि प्रत्येक गोष्टीत त्याच्या बापानेच लाउरींना काहीतरी सुचवलेलं असतं. वारींच्या घरी अशी गोष्ट नाही. म्हणूनच मी त्यांच्यावर विश्वास ठेवते.

पहिली सहा वर्षं बरी गेली.

सातव्या वर्षी जानेवारीत एका मोठ्या क्रीडासाहित्याच्या दुकानसाखळीची मागणी आली. चारशे नग, एप्रिलअखेर. तळ्यावरचा बर्फ मेच्या सुरुवातीला जातो, म्हणून त्यांना माल त्याआधी हवा. वारी तेव्हा खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी लाहतीच्या इस्पितळात. मी त्यांना न विचारता सही केली. करारपत्र अकरा पानांचं होतं. मी चार वाचली.

दोन वर्षं वाळलेली साल माळ्यावर होती दीडशे माशांपुरती. बाकीची आदल्या शरद ऋतूतली, ओली. तेव्हा आमच्याकडे एक पोरगा होता, दोन उन्हाळे फुकट शिकलेला आणि त्या हिवाळ्यात पगारी ठेवलेला. तो म्हणाला, सौना आहे की, घाम काढायची गरम खोली. साठ अंशांवर रात्रभर ठेवली की झालं. बाबांचं वाक्य मला तेव्हा आठवलं होतं, खोटं बोलत नाही: "घाय केलंस तर रंग रडतलो." आठवलं, आणि मी सौना पेटवली.

साल बाहेरून खणखणीत वाळली. आत ओलच. वरून लाखेची सात झाकणं. पुढच्या महिन्याभरात आतली ओल जागा शोधत राहिली, अंग आकसलं आणि पोटाची चीर उघडली. एप्रिलमध्ये तीनशे ऐंशी नग गेले. मेच्या तिसऱ्या आठवड्यात पहिली तक्रार: मासा कुशीवर पोहतो. मग दुसरी: बुडतो. जूनमध्ये खोकी परत आली, सगळी, न विकलेलीसुद्धा. येण्या-जाण्याचं भाडं आमच्या बिलातून कापलेलं. ते कलम नवव्या पानावर होतं. एकूण खड्डा अकरा हजार युरोंचा.

कारण आम्हाला आमच्या एका गिऱ्हाइकाने सांगितलं. निवृत्त बसचालक बाई. होडी वल्हवत, दोरी मागे सोडून मासे धरते, मोटर तिला चालत नाही. आमच्या पहिल्या वर्षीचा एक नऊ सेंटिमीटरचा मासा तिच्याकडे आहे, काळा पडलेला, पाठीवर दातांच्या खुणाच खुणा. दर मे महिन्यात ती तो दुरुस्तीला आणते, नवा घेत नाही. त्या जूनमध्ये आली, परत आलेल्या खोक्यातून एक उचलला, स्वतःच्या सुरीने मधोमध कापला आणि वास घेतला. म्हणाली, "सौना." मग दुरुस्तीचे पंधरा युरो टेबलावर ठेवून गेली.

वारी काठी टेकत आले ते जुलैत. मी सगळं सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही. बसले, पूक्को काढला आणि एकेक मासा चिरायला घेतला. तार, कड्या, गळ, शिसं वेगळं काढायचं, पुन्हा वापरायला. मी समोर बसले. चार रात्री लागल्या, जरी इथे जुलैत रात्र म्हणावी अशी नसतेच. चौथ्या दिवशी ते म्हणाले, "गळ चांगले आहेत." बस. मला कुणी एवढं ओरडलेलं नाही.

त्या चार रात्रींत पोरगा फिरकला नाही. पुढच्या वसंतात त्याच दुकानसाखळीत, त्याच फळीवर, त्याचे मासे लागले. प्लास्टिकचे, साच्यातले, ९.९० युरोला. आमचा २८ ला. पाकिटावर काय लिहिलं होतं ते मला पाठ आहे: "फिनिश कार्नाच्या परंपरेतून." कार्नाचा नाही, परंपरेतून! वकील म्हणाला, यात पकडण्यासारखं काही नाही. अंगावर सालीसारख्या रेघा छापलेल्या. हाही भाग मी गिळला असता. स्वस्त माल येतो, येणारच.

पण त्याचा अहवेन बघा. अहवेन म्हणजे पट्टेरी पर्च. आमच्या अहवेनचं पोट मी काजूच्या बोंडासारखं रंगवते, पिवळ्यावर लाल, कडेला विरत गेलेला. तसा अहवेन तळ्यात नसतो. तो चितार आळीतून आलाय. आमच्या यादीत त्या रंगाचं नावच 'काजू' आहे, आणि इथले म्हातारे तो शब्द बिनचूक उच्चारतात. त्या पोराच्या यादीत तोच रंग 'सूर्यास्त' झाला. आणि माझ्या पहिल्या स्टेन्सिलमध्ये तिसरा पट्टा जरा तिरका कापला गेला होता, हात हलला म्हणून. त्याच्या प्रत्येक माशाचा तिसरा पट्टा तिरका आहे. साच्यातून निघालेला, हजारोंनी, माझा हललेला हात.

एका जत्रेत आमची टेबलं समोरासमोर आली. त्याने मान हलवून नमस्कार केला. वारींनीही केला. मी नाही.

कर्ज फेडायला चार वर्षं लागली. मोठ्या दुकानांना तेव्हापासून माल नाही. वर्षाला सहाशेच्या आसपास मासे होतात, तेवढे जातात.

या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांना सांगते, विचारलेलं नसलं तरी. करारपत्र शेवटच्या पानापासून वाचा. १ सप्टेंबर २०२४ पासून इथे मूल्यवर्धित कर साडेपंचवीस टक्के आहे, तो किमतीत आधीच धरा, मागाहून रडू नका. मदतनीस फुकट ठेवू नका; फुकट शिकणारा शेवटी काहीतरी घेऊनच जातो. आणि गिऱ्हाइकांनो, ओला मासा डब्यात बंद करू नका. रबरी अळ्यांच्या शेजारी तर मुळीच नको, त्या लाख खातात. नाकाच्या कडीला दोरी करकचून बांधू नका, सैल फासाची गाठ मारा, नाहीतर मासा डुलणार कसा? गाडीच्या काचेखाली उन्हात ठेवलेला मासा फुगला तर तो आमचा दोष नाही. दरवर्षी दोघे-तिघे तसा घेऊन येतात.

सुट्टीत सावंतवाडीहून पांगाऱ्याचे चार तुकडे आणले होते. वारींनी एक कोरून पाहिला. हलका, मऊ, सुरीला गोड. हौदात सोडला तर जरा जास्तच डुलला. त्यांनी कडी दोनदा वाकवली, मग नाकाला बांधून खिडकीत टांगला. अजून तिथेच आहे.

स्टेन्सिल नवं कापायला माझा मुलगा सांगतो, संगणकावर, सरळ पट्ट्यांचं. मी कापणार नाही. तिरका पट्टा आमचा आहे, बदलायचा असेल तर त्या नक्कल करणाऱ्या पोराने बदलावा.

गेल्या मार्चमध्ये काढलेली साल माळ्यावर आहे, अजून वर्षभर तिला कुणी हात लावायचा नाही. मागण्या घेते, पण तारीख विचारू नका, माल झाला की कळवते.