त्यांनी विचारलं नाही

शनिवारपासून एकच गोष्ट मनात घोळते आहे. ग्लायडरमधून उतरल्यावर आमच्या क्लबातल्या आजोबांनी विचारलं नाही, "कुठवर गेली होतीस?"

दिवस तसा फार सुरेख होता. आदल्या रात्री पावसाची सर येऊन गेलेली, मागून नैऋत्येचा गार वारा आणि स्वच्छ धुतलेलं आकाश. हायवे सोडून इथल्या, ऑस्ट्रेलियातल्या बेनाला गावात शिरले तर दोन्हीकडे मोहरीसारखा पिवळाधमक कॅनोला. धावपट्टीच्या कडेच्या नीलगिरीवर मॅगपायची घरटी आहेत, हे पक्षी डोक्यावर झडप घालतात, त्यामुळे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिथून डोकं सांभाळूनच जावं लागतं. सायकलवर येणाऱ्या पोरानं हेल्मेटला प्लास्टिकच्या पट्ट्या खोचल्या होत्या, त्या साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या होत्या. हँगरमागे गवत वाढलंय, सापांचे दिवस सुरू झाले, म्हणून सगळे बूट घालून. नवरात्रात वसंत, याची मला आता सवय झाली आहे. झाली आहे असं म्हणायचं.

हिवाळ्यानंतर प्रत्येकाला आधी इन्स्ट्रक्टरबरोबर एक फेरी मारावी लागते. माझी सकाळीच झाली. दुपारी एकटी निघाले. टगनं, म्हणजे ओढून नेणाऱ्या विमानानं, दोन हजार फुटांवर नेलं, मी पिवळी मूठ ओढली, दोरी सुटली आणि तो आवाज एकदम बंद झाला. कॅनपीवर, डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, चिकटवलेला लाल लोकरीचा दोरा तेवढा वाऱ्यात थरथरत होता. तो सरळ ठेवायचा, बस.

वसंतातली हवा फसवी असते. ऊन कडक, पण जमीन अजून ओली. हिरव्या गव्हावर आणि कॅनोलावर वर उचलणारी हवा मिळत नाही, नांगरून मोकळं सोडलेलं रान शोधायचं. थर्मल, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेचे झोत, अरुंद आणि फाटके; चढ-उतार आवाजानं सांगणारा व्हेरिओ अर्ध्या फेरीत गातो, अर्ध्या फेरीत कण्हतो. वॉर्बीच्या डोंगरावर एक गरुड घिरट्या घालत होता, त्याच्या खाली गेले आणि पाच हजारांच्या वर ढगाला टेकले. तिथून गूरमबॅट, डेव्हनिश ही गावं. गूरमबॅटच्या सायलोवर, धान्याच्या उंच कोठीवर, एवढं मोठं घुबड रंगवलंय, वरून मात्र नुसता पांढरा ठिपका. उत्तरेला मलवाला तळं चकाकत होतं. परतले तेव्हा चार वाजून गेले होते.

ग्लायडर ढकलत आणलं. आजोबा खुर्चीत, मांडीवर लॉगशीट, टोपीखाली पेन्सिल. घड्याळ बघून वेळ लिहिली आणि पुढच्याला हाक मारली. संपलं.

एरवी दहा मिनिटांत खाली आले तरी विचारतात. कुठे उचललं, किती नॉटनं चढलीस, कुठल्या बाजूनं वळलीस. 1987 ला इथे जागतिक स्पर्धा झाली त्याच्या गोष्टी ते काल घडल्यासारख्या सांगतात. 2017 ला पुन्हा झाली, पण तिच्याबद्दल फारसं बोलत नाहीत. मार्चनंतर ते मागच्या, इन्स्ट्रक्टरच्या सीटवर बसलेले नाहीत. सगळ्यांना माहीत आहे.

मग आठवत बसले. माझं उतरणं नीट होतं. बोलणंही काही वावगं झालं नव्हतं. आणि संध्याकाळी सॉसेज-कांदा भाजत असताना कानावर पडलं, त्या सायकलवाल्या पोराला ते विचारत होते, "काय दिसलं वरून?" पोरगं हातवारे करून सांगत होतं. मला घास गिळवेना.

रडू आलं, खरंच. घरी परतताना गाडीत, वाटेतल्या सेमूरच्या आसपास. आई फोनवर विचारते, जेवलीस का. हा विचारतो, किती वाजता पोचतेस. दोघांचीही माया आहे, मला कळतं. पण कुठवर गेली होतीस, हे या अख्ख्या देशात मला एकच माणूस विचारतो. कॉलेजात असताना हडपसरला कुंपणाबाहेर उभी राहून विंचच्या दोरानं वर खेचली जाणारी ग्लायडर बघायचे तेव्हाही... जाऊ दे.

आज कपडे वाळत घालताना वाटलं, त्यांच्याही जिवावर येत असेल. पोराचं चालतं. ते अजून धावपट्टीच्या आसपासच आहे, त्याला विचारणं म्हणजे शिकवणं. माझ्याकडून डेव्हनिश, मलवाला ऐकायचं, तेही जिथे स्वतः आयुष्यभर गेले तिथलं, आणि खुर्चीत बसून. किंवा यातलं काहीच नसेल. रांगेत चार ग्लायडर उभी होती, टगवाला घाई करत होता, एवढंच असेल. मी विचारणार नाही. पण त्यांनी विचारण्याची वाट बघत बसायलाही मला कुणी सांगितलेलं नाही.

पुढच्या शनिवारी माझी ड्यूटी आहे, दिवसभर शेजारची खुर्ची माझीच. चहा हातात दिला की मीच सुरू करणार. वॉर्बीचा पश्चिम उतार तीनच्या आधी चालत नाही, असं ते वर्षानुवर्षं सगळ्यांना बजावत आलेत. मला तिथे दीड वाजता सहा नॉट मिळाले. हे ऐकून आजोबा गप्प बसतील? शक्यच नाही.