दगड वेचायला लागल्यापासून

रविवार, रात्री

शेजारच्या काकू परवा विचारत होत्या, अगं एवढे दगड घरात आणतेस, विकणार आहेस का? विकायचे नाहीयेत काकू, बघायचेत. त्यांना ते पटलं नाही बहुतेक, पण मी त्यांच्या हातात भिंग दिलं आणि एक छोटा तुकडा दिला ज्याच्या पोकळीत स्टिल्बाइट नावाचा स्फटिक आहे, फिकट पीच रंगाचा, मधे आवळलेल्या आणि दोन्ही टोकांना पसरलेल्या पेंढीसारखा, आणि मग त्या खिडकीपाशी उभ्या राहून बराच वेळ तो तुकडा फिरवत राहिल्या. हे कुठं मिळालं म्हणाल्या. म्हटलं इथंच, पुण्याजवळच्या खाणीतल्या खडीच्या ढिगात. त्यांना वाटत होतं असलं काही हिमालयात वगैरे मिळतं.

मलाही तसंच वाटायचं. आपल्याकडं काय, सगळा काळा पाषाण, घराच्या पायाला तोच, रस्त्याच्या खडीला तोच, देवळाच्या पायरीला तोच. आणि आता वाचतेय तर कळतंय की स्फटिक गोळा करणाऱ्या जगभरच्या लोकांसाठी महाराष्ट्र म्हणजे पंढरी आहे. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, अपोफिलाइट, ही नावं मी आधी ऐकलीपण नव्हती आणि लोक त्यांच्यासाठी इथवर येतात. बोरघाटात १८५०-६० च्या दरम्यान रेल्वेसाठी कातळ फोडला तेव्हापासून इथले नमुने बाहेर जायला लागले. आपण त्याच घाटातून गाडीनं जाताना फक्त धबधबे बघतो.

ह्यामागचं कारण मला इतकं आवडलंय की लिहूनच ठेवते. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं लाव्हा वाहिला, एकदा नाही, पुन्हा पुन्हा, एकावर एक थर, आजही ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास पसरलाय आणि सह्याद्रीत त्या थरांची जाडी २ किलोमीटरच्या वर जाते. आता प्रत्येक थरात वायू असतो, तो वर वर सरकतो, लाव्हा थंड होऊन घट्ट होतो आणि तो वायू तिथंच अडकतो, म्हणून थराच्या वरच्या भागात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहतात, खालच्या बाजूलाही थोड्या असतात आणि मधला दगड मात्र भरीव. नंतर खूप काळ गरम पाणी त्या कातळातून झिरपत राहतं, जाताजाता दगडातला कॅल्शियम, सोडियम, अॅल्युमिनियम, सिलिका असं सगळं विरघळवत नेतं आणि पोकळीत आणून सोडतं, आणि तिथं सावकाश स्फटिक वाढतात. पोकळी जितकी मोठी तितकी त्यांना वाढायला जागा. बास. म्हणजे आपल्याकडं हे इतकं का आहे तर आपल्याकडं लाव्हा इतका आहे म्हणून.

एकदा हे डोक्यात बसलं की कातळाकडं बघायची नजरच बदलते हो. सिंहगड चढताना वाटेवरच्या दगडात पांढरे ठिपके असतात ना, ते मी इतकी वर्षं चुन्याचे वगैरे समजून ओलांडत होते, ते सगळे भरलेले बुडबुडे आहेत. किल्ल्यावरचं काही उचलायचं नाही अर्थात, तिथं फक्त बघायचं, पण बघायला शिकण्यासाठी त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

बुधवार

शनिवारच्या खाणीबद्दल लिहायचं राहिलं होतं. खाणीत जायचं तर मालकाला आधी विचारायचं आणि तो हो म्हणाला तरच जायचं, हा माझा पक्का नियम. गौण खनिजाचे कायदे आहेत, सरकारी जमीन, वनखात्याची हद्द, अभयारण्य, संरक्षित स्मारकं इथून दगड उचलणं म्हणजे सरळ गुन्हा होऊ शकतो. लोणारला तर खडासुद्धा हलवू नये, ते सरोवर अभयारण्यात आहे, २०२० मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलंय, आणि तसं नसतं तरी उल्का आदळून बसाल्टमध्ये, म्हणजे ह्याच काळ्या पाषाणात झालेलं असं विवर आपण ओरबाडावं का?

मुकादम मामांना मी काय शोधतेय ते सांगितलं तर ते म्हणाले, "अहो ताई, ते पांढरं काचेसारखं ना? खालच्या दगडात नाही घावायचं, तो पक्का आहे. वरचा थर बघा, सगळा भोकाभोकांचा, त्याला आम्ही बाजूला टाकतो, क्रशरला चालत नाही." म्हणजे पुस्तकात जे थराचा वरचा भाग म्हणून लिहिलंय ते मामांना रोजच्या कामातून माहिती. आणि त्यांना जो दगड नको तोच मला हवा, ह्याच्यासारखी सोय कुठली. सुरुंग कधी लावणार तेही त्यांनीच सांगितलं, दुपारी थांबायचं नाही म्हणाले, आणि उभ्या कड्याच्या खाली तर अजिबात जायचं नाही, पोकलेन चालू असेल तिकडंही नाही. खाणीत साचलेल्या पाण्याच्या कडेला पण नाही, कडा खचते आणि पाणी किती खोल ते दिसत नाही. मी हे सगळं तंतोतंत पाळते. टाकाऊ ढिगातच इतकं असतं की कड्याजवळ जायची गरजच पडत नाही.

ढिगाशी बसलं की आधी काही फोडायचं नाही. नुसतं बघायचं. पहिला पाऊस पडून गेला असेल तर उत्तम, धूळ धुतली जाते आणि ऊन तिरकं असलं की पोकळीतलं चमकतं. मला त्या दिवशी एक ओंजळीएवढा तुकडा दिसला, बाहेरून मातकट, एका बाजूला फुटलेला, आणि आत डोकावलं तर पोकळीच्या भिंतीला आधी हिरवट साल, ते सेलाडोनाइट, मग त्यावर करड्या कॅल्सेडनीचा, म्हणजे गारगोटीच्याच जातीच्या दगडाचा पातळ थर, मग स्टिल्बाइट, आणि सगळ्यात वर एकच अपोफिलाइट, पाण्यासारखा स्वच्छ, चौकोनी अंगाचा आणि वर टोक काढलेला. म्हणजे भिंतीकडून आत यावं तसा काळ पुढं सरकतो, कोण आधी आलं कोण नंतर आलं ते तिथंच मांडून ठेवलेलं. मी तिथं मातीत बसूनच वहीत त्याचं चित्र काढलं, बाण काढून नावं लिहिली. भाचा बरोबर होता, तो म्हणाला मावशी घरी जाऊन काढ ना. पण नाही, तिथंच काढायचं.

कारण माझं एक ठाम मत झालंय आणि नव्यानं सुरू करणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, दगड कुठून आला हे लिहिलेलं नसेल तर अर्धा दगड हरवला. गाव, खाण, कुठला थर, तारीख, शेजारी काय होतं. जाणकार लोक आधी चिठ्ठी बघतात आणि मग दगड बघतात. पुण्याजवळच्या वाघोलीचंच घ्या. कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज, व्हॅनेडियममुळं तो रंग येतो, ते पहिल्यांदा अमेरिकेत ओरेगॉनमध्ये १९६७ मध्ये सापडलं, पण जगातले सगळ्यात देखणे नमुने वाघोलीच्या खाणींतले, पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले निळे गोळे. आता त्या भागात केवढ्या सोसायट्या झाल्यात. मुंबईत मालाड-कांदिवलीच्या खाणींतून हिरवा प्रेहनाइट निघायचा, तिथंही आता इमारती. खाण बुजली की मागं काय राहतं, तर कुणीतरी सांभाळलेला नमुना आणि त्याची चिठ्ठी. राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खणताना गडद हिरवे अपोफिलाइट मिळाले, विहीर पाण्यासाठी होती, ती बांधून झाल्यावर तिथं कोण बघणार आत.

म्हणून माझ्याकडं प्रत्येक तुकड्याला नंबर आहे, दगडाच्या मागं पांढऱ्या रंगाचा छोटा ठिपका द्यायचा, त्यावर बारीक पेननं नंबर आणि तोच वहीत. सुंदर दगड विकतही मिळतात, अजिंठ्याच्या पायथ्याशी मिळतात, ऑनलाइन मिळतात, घ्यावे की, कष्टानं काढलेले असतात, पण घेताना कुठला आहे ते विचारायचंच आणि लिहून घ्यायचं. चमकदार गुलाबी-निळे रंगवलेले मात्र घेऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

शुक्रवार

आज धुण्याचा दिवस. जुना मऊ टूथब्रश, साधं पाणी, बास. ॲसिड वगैरे काही नाही, झिओलाइटवर, म्हणजे स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट ह्या कुळातल्या खनिजांवर, ॲसिडचा परिणाम होतो आणि कॅल्साइट तर विरघळतंच. व्हिनेगरचा एक थेंब कोपऱ्यात टाकून बुडबुडे येतात का बघायचं, आले तर कॅल्साइट, तेवढ्यापुरतं ठीक. ओकेनाइटला तर पाणीही नको, ते पांढरे केसाळ गोळे असतात, बोट लागलं की केस चिकटून बसतात आणि परत उभे राहत नाहीत, ते टिश्यूत गुंडाळून डब्यात.

ओळखायला फार सामान लागत नाही. कठीणपणाची मोजपट्टी फ्रीडरिश मोह्स ह्यांनी १८१२ मध्ये दिली, १ ते १०, आणि ती घरच्या वस्तूंवर चालते. नख साधारण २.५, काच ५.५ च्या आसपास. कॅल्साइट ३, स्टिल्बाइट ४ च्या आत, अपोफिलाइट ४.५ ते ५, म्हणजे ह्यातलं कुणीच काचेवर ओरखडा काढत नाही. गारगोटी ७, ती काढते. मी लहानपणी ज्या गारा घासून ठिणग्या काढायचे त्याच ह्या. दिसायला दोघं सारखे असले, अपोफिलाइट आणि गारगोटी, तर भाच्याला काचेच्या जुन्या तुकड्यावर करून बघायला सांगते, पण स्फटिकाचं टोक वापरायचं नाही हं, मागचा फुटका कोपरा वापरायचा.

आणि आज एक गंमत झाली, कॅल्साइटचा एक पारदर्शक तुकडा वहीवर ठेवला तर खालची अक्षरं दोन-दोन दिसायला लागली. "वाघोली" दोनदा. प्रकाशाचा किरण आत गेला की दोन वाटांनी जातो म्हणून असं होतं. वाचलेलं होतं, पण स्वतः हातात धरून फिरवलं की एक अक्षर जागेवर राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं, ते बघून भाचा जेवायचं विसरला. ताई ओरडली दोघांनाही.

हातोडी नवीन घेतली, दगडासाठीची वेगळी येते. घरातली खिळ्यांची हातोडी कातळावर मारली तर तिच्या पोलादाचे टवके उडू शकतात, डोळ्यात जातील. गॉगल तर हवाच, साधा काळा गॉगल नाही, वर्कशॉपमधला बाजूनं बंद असलेला. छिन्नी, दहापट मोठं दाखवणारं (१०एक्स) भिंग, जुनी वर्तमानपत्रं गुंडाळायला, पाणी, टोपी, बूट. पिशवी लहान न्यावी, म्हणजे आपोआप निवडून घेतो आपण.

पुढच्या महिन्यात सिन्नरला जायचंय, तिथं एमआयडीसीत के. सी. पांडे ह्यांनी उभं केलेलं गारगोटी म्युझियम आहे, झिओलाइट आणि इतर खनिजांचं. भाच्याची यादी तयार आहे काय काय बघायचं त्याची. माझं एकच, तिथल्या नमुन्यांखाली लिहिलेली गावं उतरवून घ्यायची आणि नकाशावर टिंबं काढायची, नाशिक, जळगाव, जालना, पुणे, मुंबई. मग बघायचं त्यातल्या कुठल्या गावात आपलं कोण राहतं. जालन्याला मामेबहीण आहे, तिच्या दिरांच्या शेतात विहिरीचं काम निघणार असं ती फोनवर म्हणत होती, तिला सांगून ठेवलंय की वरचा भोकाभोकांचा दगड निघाला की फेकू नका आणि किती फुटांवर निघाला ते तेवढं लिहून ठेवा.